सहावं भोक

१

आर्विड स्कारला अलीकडे सकाळी उठल्याउठल्याच दमल्यासारखं व्हायचं. झोप लागत नव्हती असं नाही. झोप चांगली गाढ लागायची, पण उठताना अंग असं जड व्हायचं, जणू रात्रभर तो दुसऱ्या कुणाचं तरी काम करून आला होता. वय सदुसष्ट. त्यातली त्रेचाळीस वर्षं पोलादाला भोकं पाडण्यात गेली होती.

रायफलीच्या नळ्या बनवणं हा त्याचा धंदा. पोलादाचा दांडा आरपार कोरायचा, त्या भोकाच्या आतून पिळाच्या खाचा कापायच्या, आणि मग ते भोक आरशासारखं होईपर्यंत आतून हातानं घासत बसायचं. मोंटानाच्या त्या खोऱ्यात शिकारीला जाणारे खंडीभर होते, पण आर्विडकडे यायचे ते कागदावर नेम धरणारे. शंभर यार्डांवरच्या कागदाला पाच गोळ्या मारायच्या आणि भोक मात्र एकच पडलं पाहिजे, एवढ्या एका वेडापायी बायकामुलं, सुट्ट्या आणि मानेचे मणके खर्ची घातलेली माणसं.

ऑक्टोबर संपत आला होता. गुरुवारी सकाळी नेल्डा मॅडॉकची पिकअप दारात थांबली आणि नेल्डा कोपरानं दार ढकलत आत आली. हातात घोंगडीत गुंडाळलेली काहीतरी लांबलचक वस्तू, तिच्यावर फडक्यात बांधलेल्या मांस-बटाट्याच्या पेस्टी.

"वरचं गरम आहे तोवर खा," ती म्हणाली. "खालचं केव्हा पाहायचं ते तुझं तू ठरव."

घोंगडी न उघडताच आर्विडला कळलं. नेल्डाचा नवरा क्लेल ऑगस्टमध्ये गेला. आर्विड आणि तो एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले होते, चाळीस वर्षं एकमेकांचे मित्र आणि तितकीच वर्षं एकमेकांचे वैरी. सहा वर्षांपूर्वी क्लेलनं गिऱ्हाइकांची कामं घेणं बंद केलं आणि एकाच नळीच्या मागे लागला. कामाच्या शेडमध्येच, स्टुलाजवळ, एका मंगळवारी त्याचं हृदय थांबलं.

"सहा वर्षं, आर्विड," नेल्डा म्हणाली. "नातीचा बाप्तिस्मा झाला तर हा शेडमध्ये. माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही शेडमध्ये. मला एवढंच सांग, ते कशासाठी तरी होतं की कशासाठीच नव्हतं? काय असेल ते सांग, पण खरं सांग."

"मी थकलोय गं आता."

"मी काय नाचत आलेय का? मीही थकलेय. पण तुला त्यातलं कळतं, मला कळत नाही."

आर्विडनं पेस्टी खाल्ली. चांगली झाली होती.

२

नळी विचित्र होती. बाहेरून ती गोल नव्हती. तिच्या अंगावर बोटाला जेमतेम जाणवेल अशी लाट शेपटापासून तोंडापर्यंत गोल फिरत गेली होती. आत सात खाचा. बरेच जण सहा कापतात, कुणी चार. पीळ सुरुवातीला जवळजवळ सरळ, मग हळूहळू आवळत जाणारा, आणि तोंडापाशी इतका घट्ट, की असा पीळ स्वतःच्या यंत्रावर कसा काढायचा हे आर्विडला सांगता आलं नसतं.

सवयीनं त्यानं ती दोरीला टांगली आणि लाकडी हातोडीनं हलकेच ठोकली. मोकळी नळी घंटेसारखी वाजते. प्रत्येकीचा सूर वेगळा, आणि तो सूर ऐकून आर्विडला पोलादाचं पोट कळायचं.

ही वाजलीच नाही. नुसतं ठक् झालं आणि थांबलं. घंटेला कुणी हातानं धरून ठेवलं असेल तर होतं तसं.

त्यानं दोरी सोडवली, पुन्हा बांधली, दुसऱ्या जागी ठोकलं. ठक्. बाहेरच्या त्या लाटेमुळे कंप मरत असणार, त्यानं स्वतःची समजूत घातली. क्लेलला तेच हवं असणार. गोळी सुटताना नळी थरथरते, ती थरथरच मारून टाकायची. हुशार होता गडी.

समजूत पटली. तरी नळी खाली घेताना त्यानं तिचं दुसरं टोक एकदा बघून घेतलं.

३

आर्विडच्या कारखान्यामागे टेकडी होती आणि टेकडीच्या पोटात त्याचा बोगदा. सिमेंटचे पाइप एकापुढे एक जोडून केलेला, शंभर यार्ड लांब, आत ओळीनं दिवे. पलीकडच्या टोकाला रेतीचा ढीग, त्याच्यामागे सिमेंटची भिंत, आणि तिच्याही मागे मातीची अख्खी टेकडी. वारा नाही, ऊन नाही, पाऊस नाही. नळीची परीक्षा घ्यायची तर अशी जागा हवी.

कागदाच्या मागे त्यानं एक मोटर बसवली होती. ती कागदाची लांब पट्टी सावकाश सरकवत राहायची. पुढच्या कागदावर पाच गोळ्यांचं एकच भोक झालं, तरी मागच्या सरकत्या पट्टीवर प्रत्येक गोळीचं भोक वेगळं उमटायचं. किती गोळ्या लागल्या यावर मग वाद नको.

सोमवारी दुपारी त्यानं ती नळी दस्त्याला चढवली, बोगद्याच्या तोंडासमोरच्या बेंचवर पाच काडतुसं मोजून ठेवली आणि पाच गोळ्या झाडल्या. दुर्बिणीतून पाहिलं. भोक एकच होतं. कड कुठे फाटलेलीही नाही, एकाच गोळीनं पाडलं असावं असं नितळ. त्याच्या नळ्यांनी जन्मात असं मारलं नव्हतं.

पण उजवीकडे, तीन बोटांवर, आणखी एक भोक होतं.

म्हणजे चार एका जागी आणि एक भरकटलेली. होतं असं. त्यानं तारेवरून कागद जवळ ओढला, मागची पट्टी सोडवून मोजली.

एका ओळीत पाच. ओळीबाहेर एक. सहा.

रिकाम्या पुंगळ्या मोजल्या. पाच. डबीतली उरलेली काडतुसं मोजली, खिसे उलटे केले. मग त्याला स्वतःचाच राग आला. जुनी पट्टी लागली असेल, डोळे दमले असतील. नवा कागद, नवी पट्टी लावून त्यानं पुन्हा पाच झाडल्या.

सहा. वेगळं पडलेलं भोक आता दोन बोटांवर होतं.

४

मंगळवारी रॉस्को प्रूइट आला. निवृत्त पोस्टमन. खोऱ्यातल्या प्रत्येक स्पर्धेत दुसरा येणारा आणि पहिल्याला उरलेलं वर्षभर शिव्या घालणारा. कॉफी ओतून घेताना त्याचं लक्ष भिंतीवर लावलेल्या कागदांकडे गेलं आणि तो कप हातात तसाच धरून उभा राहिला.

"हे कुणी मारलं?"

"मीच. क्लेलच्या नळीनं."

"तू? तुझे हात तर कापतात म्हाताऱ्या, परवा साखर माझ्या मांडीवर सांडलीस." रॉस्कोनं नाक कागदाला लावलं. "मे महिन्याच्या स्पर्धेला ही नळी मला दे. देवाशपथ सांगतो, पहिला आलो तर एक पैसाही मागणार नाही, नुसतं तुझ्या नावानं ओरडेन. आणि हे बाजूचं काय? शिंकलास का मध्येच?"

"ते मी मारलेलं नाही."

"मग कुणी? नेल्डानं?"

आर्विडनं पट्ट्या समोर टाकल्या. रॉस्कोनं मोजल्या, मग पट्टी उलटी करून भोकांवरून अंगठा फिरवला.

कागदातून गोळी गेली की पलीकडच्या बाजूनं कड उचलते. अंगठा फिरवला तर कळतं. पाच भोकांची कड मागे, रेतीकडे उचललेली होती. सहाव्याची पुढे. बेंचकडे.

"दगड," रॉस्को म्हणाला. "रेतीत दगड असणार. गोळी आपटून उलटी फिरली. वेड्या, डोळा जायचा तुझा!"

"दोन्ही वेळा?"

"मग दोन दगड असतील. चाळून घे ती रेती." त्यानं कॉफी न पिताच कप ठेवला. दाराशी वळून म्हणाला, "आणि तोवर झाडू नकोस. मे महिन्याला जिवंत राहा."

५

बोगद्यात जायला चाकांची फळी होती. तिच्यावर बसून, मान मोडून, हातानं ढकलत जायचं. शंभर यार्ड जायला आर्विडला पूर्वी चार मिनिटं लागत. बुधवारी पंधरा लागली, मध्ये दोनदा तो पाठ टेकून थांबला.

रेती त्यानं चाळणीतून काढली, सगळी. शिसं आणि तांबं निघालं, वर्षानुवर्षांचं. दगड एकही निघाला नाही. ढिगाच्या मागे सिमेंटची भिंत लागली. त्यानं भिंतीवर तळहात फिरवला. कोरडी, थंड, अखंड. टवकासुद्धा उडालेला नव्हता. मग मागून, भिंतीपलीकडून, टेकडीच्या पोटातून काही ऐकू येतं का म्हणून त्यानं कान लावला, आणि आपण कशासाठी कान लावला हे ध्यानात येताच घाईनं काढून घेतला.

परत आल्यावर पाठ सरळ करायला तो बेंचमागच्या फळ्यांच्या भिंतीला टेकला. खांद्याला काहीतरी टोचलं. वळून पाहिलं, तर फळी सोलून एक छिलका वर आला होता. त्याखाली गोळीएवढं भोक. त्याच्या बाजूला, दोन बोटांवर, दुसरं. ही भिंत बंदुकीच्या मागची. इथे कुणी गोळी झाडण्याचा प्रश्नच नव्हता.

स्टुलावर बसलं की आपलं डोकं कुठे येतं, हे त्याला फळीवरच्या तेलकट डागावरून माहीत होतं. पहिलं भोक डागापासून सहा बोटं लांब होतं. दुसरं चार बोटं.

चाकूनं कोरून त्यानं एक गोळी बाहेर काढली आणि भिंग लावून पाहिली. दगडावर आपटलेली गोळी चपटी होते. ही टोकाशी जराशी दबली होती, बाकी शाबूत. तिच्या अंगावर नळीच्या खाचांचे वळ होते. सात. क्लेलच्या नळीचाच तो आवळत गेलेला पीळ.

फक्त तो डावीकडे जात होता. क्लेलच्या नळीचा पीळ उजवा होता.

आर्विडनं भिंग खाली ठेवलं. नवी दुर्बीण चढवली की नेमबाज काय करतो? एक गोळी मारतो. किती हुकली ते बघतो. काटा दोन घरं फिरवतो आणि पुन्हा मारतो.

६

दुसऱ्या दिवशी तो नेल्डाकडे गेला. क्लेलचं घर वर, जुन्या खाणीच्या अंगाला. टेकडीत सरळ आत गेलेलं खाणीचं एक जुनं भुयार होतं, क्लेल नळ्यांची परीक्षा त्यातच घ्यायचा. शेडचं मागचं दार भुयारातच उघडायचं.

"दगड लागून गोळी परत यायची का गं त्याची?" आर्विडनं विचारलं.

नेल्डा बटाटे सोलत होती. सुरी थांबली. "झाडली की वाट बघत बसायचा. कुणी तरी काही पाठवणार आहे तशी. मी जेवायला बोलवायला जायची तर म्हणायचा, थांब, अजून यायचंय. एकदा म्हणाला, तो माझ्यापेक्षा बरा मारतो. मी विचारलं, कोण? तर हसला." तिनं पुन्हा सोलायला घेतलं. "शेवटी शेवटी हसायचासुद्धा नाही. मला वाटायचं, म्हातारपणी डोकं फिरलं."

"त्याचे कागद आहेत?"

शेडमध्ये क्लेलनं सगळे कागद तारखा घालून खिळ्याला टोचून ठेवले होते. आर्विड एकेक उलटत गेला. सुरुवातीला पाच आणि एक. मग पाच आणि एक, जवळ. मग तीन आणि तीन, कडा दोन्हीकडे उचललेल्या. पुढे क्लेलनं कमी कमी झाडलेल्या दिसत होत्या. दोन आणि पाच. एक आणि पाच.

शेवटचा कागद त्या मंगळवारचा. बरोबर मधोमध एकच नितळ भोक. आर्विडनं अंगठा फिरवला. कड आपल्याकडे. दुसरी कड नव्हतीच.

त्या दिवशी क्लेलनं गोळी झाडलीच नव्हती.

"डॉक्टर काय म्हणाले होते नक्की?" त्यानं विचारलं.

"हृदय. अंगावर ओरखडाही नव्हता." नेल्डा दारात उभी होती. "स्टुलाजवळ जमिनीवर बसला होता, भिंतीला टेकून. डोळे उघडे. मी त्याचा चेहरा चाळीस वर्षं बघितलाय, आर्विड. घाबरलेला नव्हता. अवघडलेला होता. अनोळखी घरात भलत्या खोलीचं दार उघडलं की होतो ना माणूस, तसा."

७

तो पुढे काय करणार होता हे सरळ होतं. नळी काढायची आणि कापून टाकायची. घरी येईपर्यंत त्याचं तसं ठरलंही होतं. पण त्रेचाळीस वर्षं माणूस एका भोकातून पलीकडे बघत आला असेल, तर शेवटचं एकदा बघितल्याशिवाय त्याचा हात करवतीकडे जात नाही.

शुक्रवार, दुपारचे दोन. खिडकीतून ऊन बेंचवर आलं होतं. त्यानं बोगद्यातला कागद काढला होता, मोटर बंद केली होती. रायफलीत काडतूस नव्हतं. तो स्टुलावर बसला, गाल दस्त्याला लावला आणि दुर्बिणीत डोळा घातला.

दिव्यांची रांग. दिव्यांच्या शेवटी रेती असायला हवी होती.

तिथे दिवे पुढेही होते. रांग तशीच लांब लांब जात लहान झालेली, आणि तिच्या टोकाला उजेडाचं एक गोल. त्या गोलात बेंचचं लाकूड. बेंचवर ओणवं झालेलं कुणीतरी, गाल दस्त्याला लावून. चेहरा दुर्बिणीच्या काचेनं झाकलेला. खांदे मात्र दिसत होते. कितीतरी वर्षं एकाच जागी बसून उतरलेले, अतिशय दमलेले खांदे.

क्लेल असेल, असं एक क्षण आर्विडच्या मनात आलं. पण क्लेल असता तर त्यानं हात केला असता.

मग त्या माणसानं काचेवरून डोळा जरासा उचलला. आपल्याकडे कुणी बघतंय हे कळल्यावर उचलतात तसा. आर्विड स्टुलावरून घसरून जमिनीवर बसला.

बार ऐकू आला नाही. फक्त डोक्याच्या वर फळीत ठक् झालं. लाकडाचा भुगा त्याच्या केसांवर पडला. वळून बघायची गरज नव्हती, तरी त्यानं पाहिलं. तेलकट डागाच्या बरोबर मध्ये.

तो रांगत दिव्यांच्या बटणापर्यंत गेला.

८

नळीचे त्यानं चार तुकडे केले. करवत सहज चालली, चांगलं पोलाद होतं. बोगद्याच्या तोंडावर त्यानं अर्ध्या इंचाचा पत्रा बोल्टांनी ठोकून बसवला. रॉस्कोला सांगितलं, नळीला आतून चीर गेली होती. रॉस्कोनं त्याला मे महिन्यापर्यंत पुरतील एवढ्या शिव्या दिल्या.

नेल्डाशी खोटं बोलायचं त्याच्यानं होईना. तुकडे घोंगडीत गुंडाळून तो वर गेला.

"कशासाठी तरी होतं," तो म्हणाला. "मी पाहिलेली सगळ्यात उत्तम नळी होती. मला पन्नास वर्षं आणखी मिळाली तरी जमणार नाही."

नेल्डानं घोंगडी उलगडली. तुकड्यांवरून बोट फिरवलं. रडली नाही. म्हणाली, "मग कापलीस का?"

आर्विड घोंगडीचा कोपरा दुमडत राहिला.

"असू दे," ती म्हणाली. "तुला सांगितलं नाही मी. तो गेला तेव्हा त्याच्या मांडीवर करवत होती."

दोघांनी कॉफी घेतली. बाहेर लार्चच्या झाडांची सुईसारखी पिवळी पानं गळत होती. तिनं त्याला फाटकापर्यंत पोचवलं आणि त्याच्या कोपराला हात लावून म्हणाली, "आता तरी झोप काढ."

त्यानं आठवडाभर काढलीसुद्धा. गिऱ्हाइकाच्या दोन साध्या नळ्या हातात होत्या, सहा खाचांच्या, घंटेसारख्या वाजणाऱ्या. त्या घासत तो दुपारी बेंचजवळ उभा होता, तेव्हा पत्र्यावर हलकासा टिच् असा आवाज झाला. थंडीनं लोखंड आकसतं. त्यानं घासणं चालू ठेवलं.

मंगळवारी पुन्हा झाला. शुक्रवारी पुन्हा. तेव्हा तो पत्र्याजवळ गेला आणि बोटं फिरवून बघू लागला.

पत्रा मधोमध फुगला होता, आतून बाहेर, अंगठ्याच्या नखाएवढा. तीनदा आवाज झाला होता, पण उंचवटा एकच. तिन्ही वेळा तीच जागा, केसाचाही फरक नाही. आर्विडचं थकलेलं डोकं, त्याच्या मनात नसताना, कौतुक करून गेलं. काय मारतो.

मग त्याच्या लक्षात आलं, की आपण कापली ती आपल्याकडची नळी. त्याच्याकडची अजून त्याच्याकडेच आहे.

अर्ध्या इंचाचं पोलाद किती वेळ टिकतं, याचा हिशोब त्याला येत होता. तो त्यानं केला नाही. भिंतीशी टेकवलेला दुसरा पत्रा उचलायला तो वाकला. पत्रा जड होता, पाठ साथ देत नव्हती. अर्ध्यावरच तो हातात धरून तो जरा वेळ तसाच उभा राहिला, दम खात, छाती पत्र्याला लावून, आणि तेवढ्यात त्याच्या छातीशी टिच् असा आवाज झाला.